आमच्यापुरता पाऊस

३ एप्रिल, सोमवार

कपाट आवरताना मीटर वाचायची एक कोरी वही सापडली. रकाने आखलेलेच आहेत: घर, मागचा आकडा, आजचा आकडा, शेरा. पाणीखात्यात एकतीस वर्षं असल्या वह्या भरल्या. ही एक माझ्याबरोबरच निवृत्त झाली आणि तशीच पडून राहिली. आजपासून आमच्या हिच्या बागेची नोंद या वहीत करायची असं ठरवलं आहे.

हिची बाग म्हणजे मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरलं की सात पावलं रुंद आणि अकरा पावलं लांब जागा. दोन गुलाब, भिंतीवर चढवलेली जाई, मिरच्यांचा एक वाफा, नळाखाली पुदिना, आणि मधोमध अर्ध्या पिंपात लावलेलं लिंबाचं झाड. तीस वर्षं ही एकटीने सांभाळत आली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

ही आजारी पडून सात महिने झाले. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा उरला, ‘नको’. चहा घेतेस का म्हटलं तरी नको, आणि मग कप रिकामा करते. डॉक्टर म्हणाले, तो शब्द जिभेवर अडकून बसलाय, त्याला काही अर्थ नाही, मनावर घेऊ नका. मी घेत नाही.

सकाळी दोन झाऱ्या आणि संध्याकाळी दोन झाऱ्या लिंबाला घातल्या. ही खिडकीशी खुर्चीत बसून ‘नको, नको’ करत होती. म्हटलं, “अगं हो, तुझ्याच झाडांना घालतोय!”

५ एप्रिल, बुधवार

काल संध्याकाळी अवचित एक सर येऊन गेली. किती पडला ते कळायला साधन नव्हतं, तेव्हा आज ते केलं. बिस्किटांचा उभट डबा नळाजवळच्या कट्ट्यावर, वर उघडं आभाळ येईल असा ठेवला. दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. आत मोजपट्टी उभी केली. हवामानखात्याचं यंत्र याहून काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

मग हिच्यासमोर बसून नियम वाचून दाखवला. रोज सकाळी सात वाजता डबा बघायचा आणि मग रिकामा करायचा. पाच मिलिमीटरच्या वर असेल तर त्या दिवशी झाडांना पाणी नाही. पाच किंवा कमी असेल तर नेहमीप्रमाणे चार झाऱ्या. नियम असला की मनुष्य निर्धास्त होतो. नोकरीतही माझं असंच होतं. आकडा वाचायचा आणि लिहायचा. पाणी कुठून आलं, कुठे गेलं, हे विचारणं आपलं काम नाही.

हिने डब्याकडे बराच वेळ पाहिलं. हिला डबा आवडला असावा.

८ एप्रिल, शनिवार

डबा शून्य. आभाळात ढगाचं नाव नाही. दुपारी पश्चिमेकडून कोरडा वारा सुटतो आणि पत्र्याच्या गुदामावरून आमच्या बागेत उतरतो. त्या दोन तासांत जाईची पानं कागदासारखी वाजतात.

लिंबाची पानं पिवळी पडताहेत. शेंडे माना टाकून आहेत. बिचाऱ्याला तहान भागत नाही. आजपासून सहा झाऱ्या.

लेकीचा फोन आला. एकोणतीस तारखेला येते म्हणाली. तीस तारखेला दुपारी सामानाची गाडी येईल आणि आम्ही दोघं तिच्याकडे, चौथ्या मजल्यावर. या घरात भाडेकरू येणार. “बाबा, आई नुसती मागच्या पायऱ्या उतरू लागली असती ना, तरी मी काही बोलले नसते. पण तुम्ही रोज तिला उचलता. उद्या तुमचीच पाठ धरली तर?” तिचं काही चुकत नाही. बाल्कनीत दोन लहान कुंड्या मावतील, पिंप मावणार नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, “नको.” पण ते काय, ती सगळ्यालाच म्हणते.

९ एप्रिल, रविवार

दुपारी स्वैपाकघरातून येतो तो ही खिडकीला धरून चक्क उभी! माझा जीवच उडाला. धावत जाऊन धरलं आणि खुर्चीत बसवलं. “पडलीस म्हणजे? मी आहे ना? काय हवं ते खुणेने सांग.” हिने तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. बागेकडे मात्र बघत होती.

आजारपणात माणूस हट्टी होतो म्हणतात.

११ एप्रिल, मंगळवार

सकाळी सातला डबा बघितला. सहा मिलिमीटर!

मी दोनदा वाचला. डोळे चोळून तिसऱ्यांदा वाचला. रात्री पाऊस कधी पडला? पहाटे मला जी झोप लागते तीत कोणी कानाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही, तेव्हा पडला असेल. अंगण कोरडं होतं, पण आमच्या फरशा पाणी पिऊन टाकतात. नियमाप्रमाणे पाणी दिलं नाही. हिला मोठ्याने सांगितलं, “आज सहा! पाणी बंद!” हिने अर्ध्या ओठाने हसल्यासारखं केलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

व्यायामाच्या बाई आल्या होत्या. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मला म्हणाल्या, “काका, तुम्ही जरा मागे राहा. त्यांना स्वतः उठू द्या.” मी मागे राहिलो, पण हात पुढेच होते.

१२ एप्रिल, बुधवार

पुन्हा सहा. शेजारचे मास्तर भिंतीपलीकडे भोपळ्याच्या वेलाला पाणी घालत होते. विचारलं, पहाटे पाऊस झाला का? ते म्हणाले, “अहो, कसला पाऊस? माझ्या मिशीवरसुद्धा थेंब नाही.”

त्यांच्याकडे नाही आणि आमच्याकडे आहे. यात मला फारसं नवल वाटत नाही. मीटर वाचत हिंडायचो तेव्हा हे कितीदा पाहिलंय. एका गल्लीत छत्री उघडायची, कोपऱ्यावर वळलं की मिटायची. पुढच्या गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे निवांत दुमडताहेत. मी भिजलेला बघून हसायच्या. पाऊस काही वॉर्डाच्या हद्दी पाहून पडत नाही.

आमची बाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हातभर खाली आहे. पहाटे जवळच्या कालव्यावरचं धुकं घरंगळत इथे येत असणार आणि गुदामाच्या भिंतीला अडत असणार. मग ते थंड होतं आणि खाली उतरतं. दुपारी पडल्या पडल्या हेच डोळ्यांसमोर येत होतं. एक छोटासा ढग, आमच्या सतरंजीएवढा, पाय न वाजवता बागेत येतो, नेमकं सहा मिलिमीटर पडतो आणि निघून जातो. मला फार बरं वाटलं. झोप कधी लागली कळलंच नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

काल सहा, आज सात. पाण्याला हात लावला नाही.

किरकोळ नोंदी. एक, मागच्या दाराची कडी सकाळी उघडी होती. मी विसरलो असणार, वय झालं. दोन, लिंबाची गळलेली पिवळी पानं पिंपाशेजारी एका ठिकाणी ढीग करून पडली होती. इथला वारा मोठा टापटिपीचा आहे. तीन, लिंबाच्या मातीत बोटभर खोल, बोटाएवढंच रुंद भोक आहे. काल दुसरीकडे होतं. कसलातरी किडा असावा. मास्तरांना विचारायला हवं.

चार, हिच्या गाऊनला मागून माती लागली होती. खुर्ची धुऊन काढली.

१५ एप्रिल, शनिवार

डबा शून्य. मला चुकल्यासारखं झालं. ढग वाट चुकला की काय?

पावसाची ओल असणार, म्हणून सहा नाही, चारच झाऱ्या घातल्या. लिंबाची माती वरून कोरडी खडखडीत झाली होती, पाणी पडताच चर्र करून आत गेलं. गंमत म्हणजे आज हिने खिडकीतून ‘नको’ म्हटलं नाही. पहिल्या झारीला गप्प, दुसऱ्या झारीला गप्प. तिसरी उचलली तेव्हा म्हणाली.

१८ एप्रिल, मंगळवार

रविवारपासून रोज सहा.

व्यायामाच्या बाई हिची पोटरी दाबून बघत म्हणाल्या, “काका, घरी बराच सराव करून घेताय हं! पायात जोर आलाय.” मी कसला सराव घेतोय? मी तर हिला जमिनीला पाय टेकू देत नाही. पण बाई खूश होत्या, म्हणून मूग गिळून बसलो. हीसुद्धा छताकडे बघत होती.

मास्तर भिंतीवर कोपरं टेकून लिंबाकडे बघत राहिले. म्हणाले, “पाणी कमी केलंत वाटतं? शहाणपण केलंत. अहो, मुळं पाण्यात बसली की कुजतात. मग झाड माना टाकतं, आणि आपल्याला वाटतं तहानलंय.” म्हटलं, मी काही कमी केलेलं नाही, आमच्याकडे पाऊस पडतो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग भोपळ्याकडे वळले. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं. बसायचा कसा? त्यांच्याकडे पडत नाही.

२० एप्रिल, गुरुवार

शून्य. चार झाऱ्या.

लिंबाला नवं पान आहे. नखाएवढं, तांबूस हिरवं, ओलं असल्यासारखं चमकतं. खुर्चीतून ते हिला दिसेना, म्हणून मी आरसा आणला आणि खिडकीत असा धरला की पान तिला दिसावं. ही त्या आरशात पानाकडे बघत राहिली आणि मी आरशात हिच्याकडे. केस पांढरे झालेत. कधी झाले ते मी बघितलंच नव्हतं.

नंतर मला भरून आलं. दहा दिवसांनी हे झाड कोणाच्या हाती जाणार? भाडेकरू पाणी घालतीलही, पण त्यांना आमचा पाऊस माहीत नसणार. ते वर आणखी ओततील.

२२ एप्रिल, शनिवार

सहा. मोजपट्टी डब्यात नव्हती, कट्ट्यावर नीट पुसून ठेवलेली होती. मी काल रात्री काढली असेल का? आठवत नाही.

स्वप्न पडलं. मी जुन्या गल्ल्यांतून वही घेऊन चाललोय. प्रत्येक मीटरचं झाकण उचलतो तर आत काटा नाही, आभाळ आहे. कुठे निळं, कुठे ढगाळलेलं. शेवटचं झाकण आमच्या दारातलं. ते उचललं तर आतून ही माझ्याकडे बघत होती आणि बोलत होती. भराभर, पूर्वीसारखी, एका दमात दहा वाक्यं. मला एकही ऐकू येत नव्हतं. मी आकडा लिहून घेतला आणि झाकण लावलं.

उठलो तेव्हा उशी ओली होती. हिच्या पायांशी बसून राहिलो. हिचे तळवे गार होते आणि टाचेला माती होती. ओल्या फडक्याने पुसले. आमचं घर किती धुळकट झालंय!

२५ एप्रिल, मंगळवार

शून्य, म्हणून चार झाऱ्या. आता माझ्या लक्षात आलंय की ढग तीन-चार दिवस लागोपाठ येतो, मग एक दिवस खाडा करतो, आणि खाडा नेमका माती वाळते त्या दिवशी. इतकं अचूक तर पाणीखात्याचंही वेळापत्रक नव्हतं. लेकीला फोनवर सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही नीट जेवताय ना?”

म्हणजे तिला वाटतंय, माझंही डोकं फिरलं. आता तर ती आम्हाला नेल्याशिवाय राहणार नाही. हा पाऊस तिला दाखवलाच पाहिजे. तिने एकदा पाहिला की मग मला म्हणता येईल की हे झाड इथून हलवता येणार नाही आणि याला माहीतगार माणूस लागतं. हे बाकी कोणाला कबूल करणार नाही, पण मला जायचं नाही. हिला काय वाटतं ते मात्र कळायला मार्ग नाही.

२८ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस सहा, सहा, सहा. गुलाबाला चार कळ्या. जाईने भिंतीच्या वर डोकं काढलंय.

अर्धं घर खोक्यांत गेलं. हिचं बागेतलं खुरपं हातात आलं तेव्हा कुठल्या खोक्यात टाकावं ते सुचेना. शेवटी हिच्या मांडीवर ठेवलं. हिने ते डाव्या हाताने असं घट्ट धरलं की रात्री जेवताना बोटं सोडवावी लागली.

२९ एप्रिल, शनिवार

लेक आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, मग खोकी मोजली, मग माझ्याकडे संशयाने बघितलं. मी तिला डबा दाखवला, नियम सांगितला, वही दाखवली. ती वही उलटत राहिली. ‘टापटिपीचा वारा’ वाचून थांबली. ‘बोटाएवढं भोक’ वाचून परत मागे गेली. “बाबा, ही भोकं कुठे आहेत?” मी दाखवली. तिने एका भोकात बोट घालून बघितलं. नेमकं बसलं.

“आज मी स्वैपाकघरातच झोपते,” ती म्हणाली. “तिथून बाग दिसते. बघू तुमचा पाऊस.”

मी देवाला हात जोडले. म्हटलं, उद्या खाडा करू नकोस.

३० एप्रिल, रविवार

सात वाजता उठलो. लेक स्वैपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. चहा करून ठेवलेला, पण प्यायलेला नव्हता. डोळे लाल. मी आधी बागेत धावलो. सहा!

आत येऊन म्हटलं, “पाहिलास?”

“पाहिला, बाबा.”

“पाऊस?”

“हो. पावणेसहाला आला.”

माझा आनंद गगनात मावेना. “कालव्याकडून आला ना? मी म्हणत होतो!”

“नाही. मागच्या दारातून आला,” ती म्हणाली. “भिंतीला धरून. डाव्या हाताने कडी काढली. मग खाली बसला आणि एकेक पायरी उतरला. दोन पायऱ्या बसून, तिसरी मात्र उभ्याने. मी तोंडावर हात दाबून धरला होता. धावत जावंसं वाटलं, पण पाय उचलला नाही.”

मी खिडकीतून कट्ट्यावरच्या डब्याकडे बघितलं.

“लिंबाच्या मातीत बोट घातलं. पानं गोळा केली. मग नळाशी खांदा टेकून तिथला प्लास्टिकचा मग भरला आणि डब्यात ओतला. थोडं थोडं, मोजपट्टी बघत. झाडांना थेंबसुद्धा नाही, बाबा. सगळा पाऊस डब्यात. नंतर पायऱ्यांवर पाठमोरी बसून, एकेक वर सरकत, आत गेली.”

मी वही उघडली. का उघडली, माहीत नाही, हाताला सवय. ३ एप्रिल: ‘नको, नको’ करत होती. ८ एप्रिल: सहा झाऱ्या. ९ एप्रिल: खुर्चीत बसवलं. सगळे आकडे बरोबर लिहिलेले होते. तीस वर्षं जिने ही बाग वाढवली, ती खिडकीतून सांगत होती की पाणी नको, झाड मरतंय, आणि मी तिच्या तोंडावर ओतत होतो. माझ्याशी बोलून उपयोग नाही, हा फक्त आकड्याचं ऐकतो, हे तिने बरोबर ओळखलं. म्हणून बापडी पायऱ्या उतरली.

मी ओट्याशी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. लाज वाटली, पण रडलो.

लेकीने फोन करून दुपारची गाडी रद्द केली. भाडेकरूंनाही कळवलं. मग म्हणाली, “आईला सांगू नका, मी पाहिलं म्हणून. तिचं तिला करू द्या.”

आत गेलो. ही डोळे मिटून पडली होती, अगदी गाढ झोपल्यासारखी. पलंगाखाली सपाता ओल्या होत्या. मी रोजच्यासारखं दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं, “आज सहा मिलिमीटर. आज पाणी नको.”

हिने डोळे न उघडता म्हटलं, “नको.”

४ मे, गुरुवार

नोकरीतला एक पाइप माळ्यावर पडून होता. मास्तरांच्या मदतीने तो पायऱ्यांच्या बाजूला, हाताच्या उंचीवर ठोकून घेतला. मास्तर म्हणाले, “हे कशाला?” म्हटलं, पावसाला धरायला. त्यांनी आता मला प्रश्न विचारणं सोडून दिलं आहे. मागच्या दाराची कडी मी लावत नाही. पाण्याच्या मगाचा कान नळाला अडकवून ठेवतो.

पहाटे साडेपाचलाच जाग येते. डोळे मिटून पडून राहतो. हिच्या पलंगाची पाटी वाजते. मग बराच वेळ काही नाही, तो वेळ फार कठीण जातो. मग दार. मग पाइपवर हिची अंगठी टेकल्याचा आवाज येतो. मी मोजतो. एक, दोन, तीन. आज तिन्ही उभ्याने.

लिंबू: नवी पानं अकरा.

डबा: सहा. पाणी दिलं नाही.